परण्यापुढचा क्लॅरिनेट

लग्नसराईत उन्हं उतरली की आमच्याकडे मारुतीच्या देवळाकडं नवरदेवाचा परण्या निघतो. पुढं हलगी, मागं बँड, आणि त्या गलक्यावरून सरसरत जाणारा क्लॅरिनेट. लातूरच्या गंजगोलाईत असो की नांदेडच्या वजिराबादेत, तो कानावर आला की माझे पाय थांबतात. कडवं संपून धृपद यायच्या आतल्या चिंचोळ्या जागेत बँडमास्तर एक लांब मींड घालतो. घोडी अडली तर तीच ओळ फिरवत ठेवतो, नाचणारी पोरं दमली की लय उतरवतो. समोर कागद नसतो. गाणं सिनेमाचं असतं, पण त्या संध्याकाळपुरती त्याची रचना मास्तरची असते.

न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ असंच रस्त्यावर वाढलं. लष्करी बँडची पितळी वाद्यं काळ्या वस्त्यांमधल्या वादकांच्या हाती आली. ते अंत्ययात्रेत जाताना संथ शोकसूर वाजवत आणि दफन उरकून परतताना त्याच रस्त्यावर नाचायला लावणारी लय धरत. 1913 मध्ये सुधारगृहात टाकलेल्या लहानग्या लुई आर्मस्ट्राँगला तिथल्या बँडचे शिक्षक पीटर डेव्हिस यांनी कॉर्नेट शिकवलं. पुढं हे संगीत वर्गात आलं. 1945 मध्ये लॉरेन्स बर्क यांनी बोस्टनला सुरू केलेली शाळा आज बर्कली कॉलेज म्हणून ओळखली जाते, आणि जगभरातली मुलं तिथं जॅझ रचना शिकायला जातात.

काय असतं या अभ्यासात? पहिला धडा ब्लूजचा. बारा बार, प्रत्येक बार चार मात्रांचा. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. पहिल्या चार बारांचा आधार षड्ज. पाचव्या बारला आधार मध्यमावर सरकतो, सातव्याला घरी येतो, नवव्याला पंचमावर चढतो, दहाव्याला मध्यमावरून उतरत पुन्हा षड्जाशी. तीनतालात मोजलं तर पहिली सम षड्जावर, दुसरी मध्यमावर, तिसरी पंचमावर पडते. हे पहिल्यांदा हातावर टाळी देत मोजलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आणि सूर? धानी रागाच्या पाच सुरांत तीव्र मध्यम मिसळा, ब्लूजचं सप्तक तयार.

याहून मोठा आनंद जॉर्ज रसेल देतात. जॅझचा हा संगीतकार आणि विचारवंत. पाश्चात्त्य संगीत ज्या सप्तकाला मूळ मानतं ते आपलं बिलावल. भातखंड्यांनीही शुद्ध थाट म्हणून बिलावलच घेतला. रसेल यांनी 1953 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात मूळ सप्तक धरलं ते लिडियन, म्हणजे आपला कल्याण थाट. लातूरच्या पेठेतल्या क्लासमध्ये गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेसाठी यमन घोकणारी मुलगी त्या सिद्धांताच्या उंबरठ्यावर आधीच उभी असते. तिला हे कुणीतरी सांगायला हवं.

उणीव आहे ती दुसरीकडं. चार सूर एकाच वेळी ऐकायची आणि चार वादकांसाठी चार वेगळ्या ओळी लिहायची सवय आपल्या शिक्षणात नाही. जॅझचे रचनाकार ड्यूक एलिंग्टन हे काम माणसं ओळखून करत. आपल्या वादकांपैकी कोणाचा आवाज कुठं खुलतो हे जाणून ते ओळ लिहीत; लिहिलेल्या भागावर पुष्कळदा वाद्याऐवजी वादकाचं नाव असे. चांगला बँडमास्तरही आपली माणसं अशीच ओळखतो. त्याच्याजवळ नाही ती लेखणी.

गोव्यात ही लेखणी चर्चच्या शाळांनी गावोगावच्या मुलांना दिली. त्या शिक्षणाच्या बळावर गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागले आणि सिनेमाचे वाद्यवृंद त्यांनीच लिहून काढले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांनी 1951 च्या ‘अलबेला’त जो स्विंग उसळवला त्यामागं गोव्याच्याच चिक चॉकलेट यांचा ट्रंपेट होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर रागांवर वाद्यवृंदरचना लिहीत. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात आलेलं गोन्साल्विसांचं नाव ही त्या शिष्याची गुरुदक्षिणा.

मराठवाड्यात अशी शाळा कधी नव्हती. आमच्या बँडमधले पुष्कळ वादक पिढ्यानपिढ्या हलगी-सनई वाजवणाऱ्या मातंग घरांतले. लग्नात त्यांच्या वाजवण्यावर आख्खं गाव नाचतं, पण त्यांच्या कलेला संगीत म्हणून वर्गात बसवायचं कुणाला सुचलं नाही. मला याचं दुःख होतं, रागही येतो. ज्यांना अमेरिकेनं बसमध्ये मागं बसवलं त्यांच्या संगीताची तिथं विद्यापीठं झाली. हलगीचा ठेका आणि क्लॅरिनेटची जागा यांच्यात एका नव्या रचनेचं सगळं सामान आहे.

लातूरला मन लावून शिकवण्याची ताकद आहे. या गावानं अभ्यासाचा एक पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला दिला. नांदेडला विष्णुपुरीत 1994 पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरही त्याच्याच कक्षेत येतं. तिथं ललित कलांचं संकुल आहे. त्या संकुलाला माझी विनंती आहे: वाद्यवृंदलेखनाचा एक वर्ग काढा. स्वरलेखन, स्वरमेळ, ब्लूजचे बारा बार आणि हलगीचे ठेके एकत्र शिकवा. शिकवायला एक हार्मोनिअमचे गुरुजी घ्या आणि एक बँडमास्तर, दोघांना सारखा पगार द्या. लग्नसराई संपल्यावर, पावसाळ्यात वर्ग भरवा, म्हणजे वाजवणाऱ्यांची रोजी बुडणार नाही. आणि प्रवेशाला बारावीची अट ठेवू नका. वाजवून दाखवायला सांगा.