हल्याळच्या रानातली महिरप

खानापूर सोडून अळणावरमार्गे हल्याळकडे निघाले की रस्त्याच्या दोहों बाजूंस साग आणि बांबू दाटत जातात, आणि मराठी, कानडी, कोंकणी यांतली कोणती भाषा नेमकी कोठे सुरू झाली हे सांगणे कठीण होऊन बसते. या वाटेने मी पूर्वी कितीदा तरी गेलो होतो. कधी लग्नकार्यासाठी, कधी निवडणुकीच्या कामावर. गेल्या कार्तिकात मात्र एका विद्यार्थिनीस परत आणण्यासाठी गेलो. ती शाळेतून गेली, त्याला कारण मीच होतो.

मुलगी सिद्दी समाजातली, मामाकडे राहून आमच्या शाळेत आठवीत शिकणारी. मुलींनी तेल लावून दोन वेण्या लाल फितींनी बांधाव्यात, असा आमचा दंडक. त्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी तिचे केस मोकळे होते, कपाशीच्या उमललेल्या बोंडासारखे डोक्याभोवती फुललेले. मी सर्वांदेखत म्हणालो, "घरी फणी नाही का? विंचरून ये, मग वर्गात बस." मुले हसली. ती गेली ती आठ दिवस परतलीच नाही. मामांनी सांगितले, आजीकडे गेली आहे.

सिद्दी म्हटले की आपल्याला मलिक अंबर आठवतो, नाहीतर जंजिरा. या रानातल्या सिद्द्यांचे पूर्वज मात्र सरदार नव्हते. पूर्व आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांपैकी कित्येक पळून या जंगलांच्या आश्रयास आली. आज त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. घरातली बोली बहुधा कोंकणी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्द्यांची गणना २००३ साली अनुसूचित जमातींत झाली. बेळगाव आणि धारवाडकडच्यांना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. हे सारे मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगत असे. समोर बसलेल्या मुलीच्या केसांविषयी मात्र मला काडीचेही ज्ञान नव्हते.

घर गावाबाहेर, भाताच्या खाचरापलीकडे. आजी अंगणात जुन्या साड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवत होत्या. या गोधडीला ते लोक कवंदी म्हणतात आणि तिच्या कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची फुले लावल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत. मला पाहून त्या उठल्या नाहीत. कोंकणीमिश्रित मराठीत एवढेच म्हणाल्या, "मास्तर, फणी आमच्या घरात आहे. बसा, बघा."

मी ओसरीवर बसलो. हुबळीला एका ब्यूटी पार्लरात नोकरीस असलेली मुलीची मावशी रजेवर आलेली होती. तिने भाचीला पाटावर बसविले आणि पुढचे दोन तास मी विद्यार्थी झालो.

हे केस कोरडे असताना विंचरायचे नसतात, हा पहिला धडा. केसाचे मूळच त्वचेखाली वाकलेले असते, म्हणून केस स्प्रिंगेसारखा वेटोळी घेत उगवतो. टाळूवरचे तेल त्या वळणांवरून शेंड्यापर्यंत उतरत नाही. केस कोरडा राहतो, आणि प्रत्येक वळण म्हणजे तुटण्याची एक जागा. मावशीने आधी पाणी शिंपडले, मग खोबरेल चोळले, आणि रुंद दातांचा कंगवा शेंड्याकडून हळूहळू मुळाकडे नेला. एक बट तिने ओढून दाखविली तेव्हा ती खांद्याच्या खाली पोहोचली. सोडताच कानाशी जाऊन बसली. "आता सांगा गुरुजी, हिची वेणी लाल फितीत कशी राहावी?" मला उत्तर सुचले नाही.

मग भांग पाडून तिने टाळूलगत बारीक वेण्या घातल्या, फार ताणून नव्हेत. रोज ताण बसला तर कपाळाकडचे केस कायमचे विरळ होतात, असे ती म्हणाली. शेवटी राहिली कपाळाच्या कडेची कोवळी लव. तिच्यासाठी सकाळीच दोन चमचे जवस दोन पेले पाण्यात उकळून, अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखे तार धरू लागताच गरम असतानाच फडक्यातून गाळून ठेवले होते. निवले की घट्ट होऊन गाळता येत नाही. तो चीक बोटाने लावायचा, मऊ दातघासणीने लव पुढे ओढायची आणि बोटाच्या टोकाने वळवून कपाळावर लहान लहान लाटा बसवायच्या. वर सुती पट्टी दहा-पंधरा मिनिटे बांधली. सोडली तेव्हा मुलीच्या कपाळावर देव्हाऱ्यावर असते तशी महिरप उमटली होती.

ही कला मावशी मोबाइलवर पाहून शिकली. तिचे मूळ अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांत. १९२५ साली पॅरिसला गेलेली नर्तकी जोसेफीन बेकर कपाळावर अशीच चापून बसविलेली बट मिरवीत असे. तिच्या नावाची केसांची पोमेडही विकली जाई. त्याच अमेरिकेत, केसांच्या ठेवणीवरून कोणालाही शाळेत वा नोकरीत आडकाठी करू नये असा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये केला. हे मी घरी आल्यावर वाचले आणि बराच वेळ दिवा मालवला नाही.

निघताना मी आजींना म्हणालो, "आजी, चूक माझी झाली." त्यांनी सुईत दोरा ओवला. "पोरीला सांगा," म्हणाल्या.

मुलीला सांगितले, आणि सोमवारी प्रार्थनेत, जिथे ती मुले हसली होती तिथेच, पुन्हा सांगितले. सूचनाफलकावरची वेण्यांची ओळ खोडून 'केस स्वच्छ व बांधलेले असावेत' असे लिहिले. एका शिक्षिकेला ते रुचले नाही. शिस्त जाईल, म्हणाल्या. असो.

दुपारी कबड्डीच्या तासानंतर ती कार्यालयाच्या दाराशी उभी राहिली. घामाने कपाळावरची महिरप एका बाजूने सुटली होती. नळावर जाऊन येऊ का, असे तिने विचारले. मी घड्याळाकडे पाहिले. गणिताचा तास सुरू व्हायला सहा मिनिटे होती. जा म्हटले.