अण्णांची तिकिटं

माउली, तुकोबारायांनी खतं इंद्रायणीत बुडवली, हा प्रसंग मी कीर्तनात किती वेळा सांगितला याची गणती नाही. सावकारीचे कागद बाहेर काढले, त्यांचे दोन वाटे केले, कान्होबांचा वाटा कान्होबांना दिला आणि आपला तेवढा डोहात सोडला, असं चरित्रकार सांगतात. श्रोते माना डोलावतात त्या बुडवण्यावर. मीही तिथंच आवाज चढवायचो. भावाचा वाटा दिला, एवढं मात्र एका दमात उरकून पुढं जायचो. का, ते आज सांगतो.

आमचे अण्णा पोस्टात कारकून. तिकिटं जमवायचा त्यांना भारी नाद. 1952 साली संतकवींची तिकिटं निघाली: कबीर, तुलसीदास, मीराबाई, सूरदास, त्यांच्याच पंगतीला गालिब आणि रवींद्रनाथही. अण्णांनी ती सगळी घेतली. पुढं 1970 साली नामदेवरायांचं 20 पैशांचं तिकीट आलं, तेव्हा पगारातून अख्खा ताव आणला. त्या महिन्यात आईनं वाण्याकडं उधारी केली. अण्णा म्हणाले, "पोरांनो, ही तुमची ठेव. पुढं हिचं सोनं होईल."

अण्णा गेले, वह्या माझ्या कपाटात राहिल्या. धाकट्यानं विचारलं, "दादा, त्यात माझं काय?" मी म्हणालो, "भाव येऊ दे, मग बघू." पुन्हा विचारलं, तेव्हा मी त्याला चारचौघांत लोभी म्हणालो. गळ्यात तुळशीची माळ घालून म्हणालो. त्यानंतर 11 वर्षं तो माझ्या दारात आला नाही. आषाढीला दिंडी एकच. तो पुढं पताकांजवळ, मी मागं विण्याजवळ.

गेल्या पावसाळ्यात घराची भिंत खचली. पैसे हवे होते, म्हणून वह्या पिशवीत घालून पुण्याला एका तिकीटवाल्याकडं गेलो. माणूस भला. चिमट्यानं एकेक पान उलटत होता. 1952 ची तिकिटं धड असती तर थोडे बरे पैसे आले असते, पण अण्णांनी ती गव्हाच्या खळीनं वहीत चिकटवलेली. कागद पिवळा पडला होता, कसर लागली होती. बाकीची सरकारनं लाखांनी छापलेली. तो म्हणाला, "महाराज, तेव्हा घरोघरी लोकांनी हेच जपून ठेवलं. सगळ्यांनीच जपलं, म्हणून दुर्मिळ राहिलं नाही. आता पत्रंच कोणी लिहीत नाही, तिकिटं कोण जमवणार?"

सगळ्याचे मिळून 1,800 रुपये आले. नामदेवरायांचा ताव त्यातच गेला.

एस.टी.त बसल्यावर हिशेब केला. वाटा 900. एवढ्यासाठी 11 वर्षं! घरी न जाता तसाच धाकट्याकडं उतरलो. वहिनींनी न बोलता पाणी दिलं. मी नोटा पुढं ठेवल्या. त्यानं मोजून घेतल्या, त्याचं मला बरं वाटलं. मग माझ्या रिकाम्या पिशवीकडं बघून म्हणाला, "दादा, नामदेवांचा ताव कुठाय? मला तेवढाच हवा होता. अण्णांनी तो आणला, त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो."

मी काय सांगणार!

येत्या सोमवारी आम्ही दोघं पुण्याला निघालो आहोत. ताव अजून दुकानात असेल तर तो दिल्यापेक्षा जास्त मागेल, हे ठाऊक आहे. धाकट्यानं त्याचे 900 बरोबर घ्यायचं ठरवलंय, मीही माझे घेणार आहे.