डेअरीची वही

आमचा मुलूख मंगळवेढ्याकडचा, काळ्या रानाचा. मालदांडी ज्वारी पिकवायची, कडब्यावर जनावरं जगवायची आणि दुधावर घर चालवायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पुढं भीमेकडच्या रानांना उजनीचं पाणी मिळालं आणि ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. उसाच्या बिलावर गावात आधी पक्की घरं आली, मग ट्रॅक्टर आले आणि त्यामागं सेकंडहँड जिपा.

ट्रॅक्टर आणि जीप एकच, असं गावाला वाटायचं. तेरा-चौदा वर्षांची पोरं रानात नांगर फिरवायची. चारी चाकं सरळ ठेवता आली की झाला ड्रायव्हर. पण ट्रॅक्टरवर वेग ठेवायचा तो हाताच्या दांड्यानं. उजव्या पायाखाली सवयीचे असतात ते ब्रेक. जीपला त्याच पायाखाली ब्रेक असतो आणि त्याला लागूनच अ‍ॅक्सिलरेटर. घाबरलेला पाय सवयीप्रमाणं जोरात खाली जातो. तो कशावर पडला, एवढाच काय तो फरक.

वरच्या आळीतल्या पोराचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडला. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. आई सकाळी डेअरीवर दूध घालून रिकामी किटली घेऊन परत येत होती. ओढ्याच्या वळणावर जीप रस्ता सोडून तिच्या अंगावर आली आणि तिला दगडी बांधाला रेटून थांबली. डाव्या पायाच्या नळीची दोन्ही हाडं मोडली.

पोरगा एकोणीस वर्षांचा. शिकाऊ लायसन काढून त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. शेजारी त्याचा चुलता बसलेला. चुलत्याकडं पक्कं लायसन होतं. कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवर तो ड्रायव्हर होता. त्या माणसानं एक गोष्ट चांगली केली. कुणाची वाट बघितली नाही, पळून जायचा विचार केला नाही. पोराला बाजूला केलं, आईला त्याच जिपेत मागं निजवलं आणि स्वतः गाडी मारत सोलापूर गाठलं. तेव्हा 108 ची गाडी नव्हती, ती महाराष्ट्रात 2014 ला आली. जिनं मोडलं तिनंच दवाखान्यात नेलं, असं आई पुढं हसून सांगायची.

पण त्यातूनच पुढचा गुंता झाला. दवाखान्याच्या दारात जीप थांबली, तेव्हा स्टेअरिंगवर चुलता होता.

पायात रॉड बसला. तिसऱ्या दिवशी गावातली चार वडीलधारी माणसं भेटायला आली. केळी आणली, बिस्किटं आणली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एक जण खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "वैनी, पोलीस जबाबाला येतील. गाडी चुलता चालवत हुता म्हणून सांगा. त्याच्याकडं लायसन हाय, म्हंजी इन्शुरन्सचं पैसं बी तुमाला मिळतील आन् पोराचं बी वाटूळं हुणार न्हाई. मिल्ट्रीच्या भरतीला पळतंय ते रोज पहाटं."

बोलणं वेडंवाकडं नव्हतं. त्यात आमचंही हित होतं. शिकाऊ लायसन म्हणजे लायसन नसल्यातच जमा, अशी सगळ्यांची समजूत. खरं सांगितलं तर विमा कंपनी हात वर करणार, पोराच्या बापाकडं उसाशिवाय काही नाही, मग आम्हाला देणार कोण? आण्णांनाही ते पटत होतं. दवाखान्याचं बिल रोज वाढत होतं.

तो सौदा नको असेल तर दुसरा तयार होता. मारुतीच्या पारावर बसून मिटवायचं. चाळीस हजार, दोन हप्त्यांत, पुढच्या उसाच्या बिलावर. शंभराच्या स्टँपवर लिहून द्यायचं की आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही.

आई सगळं ऐकून घेत पडली होती. मग म्हणाली, "तक्रार न्हाईच माझी भाऊजी. पोरगं काय मुद्दाम आलं का अंगावर? पण गाडी कोण चालवत हुतं ते मी डोळ्यानं बघितलंय. ल्हान त्वांड झालं हुतं त्याचं. आन् हितं आली त्या दिशीच डाक्टरनं इचारलं, मी सांगितलं, त्यांनी लिव्हून घेतलं. आता दुसरं काय सांगू?"

"पोराचं भविष्य हाय वैनी."

"आन् चुलत्याचं? कारखान्यावर लायसन दाखवूनच भाकरी खातोय त्यो. त्याला बी दोन लेकरं हायत. त्याच्या नावावर केस घातली तर त्याचं कोण बघणार?"

यावर कुणाला बोलता आलं नाही. आईनं पोलिसांना खरं तेच सांगितलं. दवाखान्याच्या पहिल्या दिवसाच्या कागदावर तेच होतं, जबाबात तेच आलं आणि पंचनाम्यालाही तेच जुळलं.

गावात 'केस केली' म्हणजे वैर धरलं. पार सोडून कोर्टात गेलात, म्हणजे तुम्ही माणुसकी सोडली. वरच्या आळीनं आमच्याकडं येणं बंद केलं. हळदीकुंकवाला आईच्या खाटेपाशी त्या घरची बाई आली नाही. पोराची भरती हुकली. त्यानं तालुक्याच्या कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला. पण शिक्षेची नोंद झाली ती झालीच. त्याचं पहाटेचं पळणं बंद झालं. आई खाटेवरून विचारायची, "पोरगं दिसलं का रं कुठं?" एवढंच. खरं सांगायचं ते सांगितलं, पण त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकरानं मोजली, हे तिला ठाऊक होतं आणि ते तिनं कधी झाकलं नाही.

इकडं आमच्या घरी रोजचंच अवघड झालं. नळीचं हाड मोडलं म्हणजे चालणं थांबलं, एवढंच बाहेरच्याला दिसतं. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईचं सगळं काम उकिडवं बसून असतं. चुलीपुढं बसायचं, धार काढायला बसायचं, भांगलायला बसायचं, परसाकडंसुद्धा बसायचंच. रॉड बसवलेला पाय दुमडेना. माघात ज्वारी काढणीला आली. एरवी आई आणि दोन चुलत्या मिळून पातीला लागायच्या. त्या वर्षी रोजानं माणसं लावावी लागली. म्हशीनं तर उघड बंड केलं. आण्णा बसले की पान्हा चोरायची, मी बसलो की लाथ मारायची. मोठी म्हैस शेवटी बाजार दाखवून विकली.

दाव्याचे कागद करायला मी सोलापूरला वकिलांकडं जायला लागलो. तिथं मला पहिल्यांदा कळलं की थर्ड पार्टी विमा गाडीसाठी नसतोच. गाडीमुळं ज्या परक्या माणसाला इजा झाली, त्याच्यासाठी असतो. म्हणून तर 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं तो सक्तीचा केलाय. पोराच्या बापानं गाडी नावावर करताना एजंटाच्या आग्रहानं तो भरला होता. पण त्याचा उपयोग आम्हाला होईल, हे त्याला माहीत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. पारावर बसलेल्या एकालाही नव्हतं. चाळीस हजार घेऊन स्टँपवर अंगठे उठवले असते, तर त्यानं ऊस विकून पैसे भरले असते आणि विमा कागदातच राहिला असता.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढं दावा लागला. चूक कुणाची हे ठरायच्या आधीच, कायमचं अपंगत्व आलेल्याला तेव्हाच्या कलम 140 प्रमाणं 25,000 रुपये मिळायचे. ते आधी हातात आले आणि दवाखान्याची उधारी फिटली. मग कंपनीचा जबाब आला. ड्रायव्हरकडं पक्कं लायसन नव्हतं, सबब आम्ही जबाबदार नाही.

वकील हसले. म्हणाले, "सुप्रीम कोर्टानं 2004 ला स्वर्णसिंग प्रकरणात सांगितलंय, शिकाऊ लायसन हेसुद्धा लायसनच. आणि शेजारी पक्कं लायसनवाला माणूस बसला होता. यापेक्षा काय पाहिजे?"

चुलता साक्षीला आला. आमच्याशी दोन वर्षं बोलला नव्हता, पण पिंजऱ्यात उभा राहून खरं ते बोलला. पुतण्या चालवत होता, मी शेजारी होतो. गाडीला लाल 'एल' ची पाटी नव्हती, यावर कंपनीच्या वकिलांनी बरंच ताणलं, पण ते टिकलं नाही. मला राहून राहून वाटायचं, दवाखान्यात आईनं चुलत्याचं नाव घेतलं असतं तर? पहिल्या दिवसाचा डॉक्टरांचा कागद एक बोलला असता आणि जबाब दुसरंच. कंपनीला तेवढंच हवं होतं. ज्या खोट्यानं पैसे मिळणार होते, त्याच खोट्यानं ते बुडाले असते.

पण दुसरं एक खोटं कागदावर बसलेलं होतंच, ते कुणाला खोटं वाटत नव्हतं. अपघाताच्या सगळ्या कागदांत आईच्या नावापुढं लिहिलेलं होतं, 'व्यवसाय – घरकाम. उत्पन्न – निरंक.' पोलिसांनी तसं लिहिलं, दवाखान्यानं तसं लिहिलं. सातबारा आण्णांच्या नावावर. डेअरीचं खातं आण्णांच्या नावावर. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखलाही त्यांचाच. कागदं बघितली तर आई काहीच करत नव्हती. मग पाय मोडल्यानं तिचं बुडलं काय?

कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत तेच विचारलं. "बाई, तुम्ही काही कमवत नव्हता, बरोबर? दूध तुमच्या मालकाच्या नावावर जातं?"

आई काठी टेकून उभी होती. म्हणाली, "साहेब, डेअरीच्या वहीत नाव त्यांचं हाय. पण म्हस मला वळखती."

कोर्टात हसू फुटलं. आमच्या वकिलांनी मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी मला डेअरीची वही आणायला लावली. कडांना दुधाचे डाग पडलेली, पानं चिकटलेली ती वही त्यांनी पुढच्या तारखेला हजर केली. संक्रांतीपर्यंत रोजचं दूध नऊ लिटर, साडेनऊ लिटर. अपघाताच्या दिवशी सकाळी नऊ. संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशी चार. मग चार, साडेतीन, चार. नाव आण्णांचंच होतं, खाडा आण्णांचा एक दिवस नव्हता आणि दूध मात्र निम्म्यावर आलेलं. घरात काम कोण करत होतं, हे त्या आकड्यांत लख्ख दिसत होतं. असं काही सिद्ध करायला डेअरीनं वही ठेवली नव्हती, म्हणूनच तिच्यावर कुणाला संशय घेता येईना.

घरातल्या बाईच्या कामाला महिना 3,000 रुपये धरावेत, असं सुप्रीम कोर्टानं 2001 साली लता वाधवा प्रकरणात म्हटलेलं. न्यायाधीशांनी तोच आकडा घेतला. वर्षाचे 36,000. आईचं वय 44, म्हणून गुणिले 14. अपंगत्वाचा दाखला 20 टक्क्यांचा. म्हणजे 1,00,800 रुपये. शिवाय दवाखाना, औषधं, सोसलेल्या दुखण्याचे वेगळे, वर व्याज. चार वर्षं लागली, पण कंपनीनं भरले. वरच्या आळीच्या उसाला हात लागला नाही.

निकाल कळल्यावर पोराचा बाप रात्री घरी आला. चहा घेतला. बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "आमी उगंच तुटून वागलो." आण्णा म्हणाले, "जाऊ द्या." पुढच्या संक्रांतीला त्या घरची बाई वाण घेऊन आली. पोरानं मधल्या काळात पक्कं लायसन काढलं होतं आणि दुधाच्या टेंपोवर जायला लागला होता. ओढ्याचं वळण आलं की तो गाडी जवळजवळ थांबवतो, असं डेअरीवाला सांगायचा. मिलिटरीचं त्यानं पुन्हा कधी काढलं नाही, आणि आईनंही त्याच्यापुढं तो विषय कधी काढला नाही.

रकमेतला मोठा भाग आईच्या नावावर बँकेत ठेव म्हणून ठेवायचा, असा कोर्टाचा हुकूम होता. खातं काढायला मी तिला तालुक्याला नेलं. तोवर तिच्या नावाचा बँकेचा एक कागद घरात नव्हता. क्लार्क पोरगी चांगली होती. फॉर्म भरता भरता तिनं विचारलं, "व्यवसाय काय लिहू आजी, गृहिणी?"

आईनं काठी भिंतीला लावून ठेवली. म्हणाली, "शेती लिव्ह बाई. आन् जागा उरली तर दूध बी लिव्ह."