फ्रिज हाक मारतो

हेलिकॉप्टरमधून खालच्या बेटांवर बॉम्ब टाकायचे, एवढाच तो खेळ. 'रेड ऑन बंगेलिंग बे', साल १९८४. विल राइट या अमेरिकन तरुणाने तो केला, आणि बेटं, रस्ते, कारखाने मांडायला सोयीचं पडावं म्हणून स्वतःपुरता एक एडिटरही लिहिला. गेम बाजारात गेला, तरी राइट यांचं मन त्या एडिटरमधून निघेना. उडवण्यापेक्षा वसवण्यात जास्त मजा होती.

मग रस्त्यांवर वाहनं हवीत, वस्ती वाढायला हवी. त्यासाठी नगररचनेची पुस्तकं वाचणं आलं. जे फॉरेस्टर यांनी शहरांच्या वाढीचं आणि ऱ्हासाचं गणित मांडलं होतं, तेही हाताशी आलं. त्यातून उभा राहिला 'सिमसिटी'. यात जिंकणं नाही, हरणं नाही, मग गेम कसला, असं प्रकाशकांचं म्हणणं. जेफ ब्रॉन यांच्याबरोबर मॅक्सिस ही कंपनी काढल्यावर, १९८९ साली, तो एकदाचा लोकांपर्यंत पोचला.

नवा गेम सुचवायला बसलेला माणूस बहुधा जुन्या गेमांची बेरीज करतो: याची तलवार, त्याचा ड्रॅगन, वर एखादं अवकाशयान. अशा बेरजा खपतातही. 'सिमसिटी' मात्र हत्यारांच्या पेटीत सापडला.

पुढचा गेम सापडला राखेत.

२० ऑक्टोबर १९९१, रविवार. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर आदल्या दिवशी विझवलेली गवताची आग कोरड्या वाऱ्याने पुन्हा भडकली. २५ माणसं गेली, तीन हजारांच्या आसपास घरं जळाली. त्यात एक राइट यांचं. कुटुंब बचावलं. संसार पहिल्यापासून मांडताना, एकेक वस्तू परत आणताना, त्यांना प्रश्न पडू लागला: यातलं खरोखर लागतं किती, आणि कशासाठी?

डोक्यात होता घर बांधण्याचा गेम. वास्तुरचनाकार क्रिस्टोफर अलेक्झांडर यांच्या विचारांची त्यावर छाप. बांधलेलं घर चांगलं की वाईट, हे कळावं म्हणून त्यात चिमुकली माणसं सोडली, आणि ती घरापेक्षा वरचढ निघाली. हाच पुढे 'द सिम्स' झाला.

पण घरात वागायचं कसं, हे त्या माणसांना शिकवणार कोण? इथे मुंग्या उपयोगी पडल्या. आगीच्याच वर्षी राइट यांचा 'सिमअँट' हा वारुळाचा गेम आला होता. एकटी मुंगी काही फार हुशार नसते. गंधाच्या रेषेवरून ती चालते; शहाणपण वाटेवर सांडलेलं असतं. 'द सिम्स'मध्येही अक्कल माणसांत कमी आणि सामानात जास्त ठेवली आहे. फ्रिज सारखा जाहिरात करत असतो, भूक भागवून मिळेल. पलंग म्हणतो, थकवा घालवून देऊ. टीव्ही करमणुकीची हमी देतो. ज्याची जी नड असेल, तो त्या हाकेकडे वळतो. नवी वस्तू घरात आली की तिचा वापर कसा करायचा, हे ती स्वतःबरोबरच घेऊन येते. जगातल्या कुठल्याही मॉलने या रचनेचं श्रेय मागायला हरकत नाही. आणि आपण घरात ठरवून फिरतो, या समजुतीला तर ती चांगलीच टोचते.

ही भातुकली घेणार कोण, अशी शंका कंपनीतच होती. २००० साली गेम आला आणि दोन वर्षांत खपात 'मिस्ट' या गेमला मागे टाकून कॉम्प्युटरवरचा सर्वाधिक विकला गेलेला गेम ठरला. त्यात स्वयंपाक न येणाऱ्याने शेगडी पेटवली, की स्वयंपाकघरच पेट घेऊ शकतं. खेळणाऱ्यांनी पोहण्याच्या तलावाची शिडी काढून घेऊन आपलीच माणसं बुडवली. बाहुल्यांशी मुलं एकांतात कशी वागतात, हे ज्याने पाहिलंय त्याला याचं नवल वाटू नये.

मुंग्यांचं ऋण जपानातही आहे. निन्टेंडो कंपनीचे गेम-रचनाकार शिगेरू मियामोतो बागकामात रमायचे. बागेतल्या, पानं वाहून नेणाऱ्या मुंग्यांवरून त्यांना २००१ चा 'पिकमिन' सुचला. घरी कुत्रा आणला, त्याचा 'निन्टेंडॉग्स' झाला. रोज वजन करून नोंदवायची सवय लागली, त्यातून 'वी फिट' आला. अखेर कंपनीने त्यांना बजावलं, की छंदांबद्दल बाहेर बोलायचं नाही.