मोजपट्टी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने आम्ही संस्थेच्या वाटचालीवर लिहावे, अशी मंडळाची अपेक्षा असावी. ते काम अधिकारी व्यक्तींनी या अंकात केलेच आहे. आम्ही येथे वसतिगृहाच्या ओट्यावर रंगलेल्या एका वादाची हकिकत सांगणार आहोत. वाद फुटबॉलचा होता. तो ऐकता ऐकता, पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या हातून झालेल्या एका चुकीपाशी आम्ही येऊन पोहोचलो.

पेडगावची माती फुटबॉलला फारशी अनुकूल नाही. पाऊस पडला की काळ्या रानाचा चिखल होतो आणि चेंडू जागीच रुतून बसतो. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि त्यांत पोरांचे पाय मुरगळतात. तरीही संध्याकाळच्या हजेरीपूर्वीचा तासभर आमचे विद्यार्थी दोन बांबू रोवून फुटबॉल खेळतात. २०२५ च्या जुलैमध्ये मैदान चिखलाने भरलेले होते. खेळ बंद होता, म्हणून खेळाच्या गप्पा जोरात होत्या. भारतीय फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक कोण व्हावा, हा विषय होता.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २०१९ पासून संघ सांभाळणारे क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक यांना जून २०२४ मध्ये पदावरून दूर केले गेले. त्यांच्या जागी स्पेनचे मानोलो मार्केझ आले. त्यांच्या काळात आठ सामन्यांत एकच विजय मिळाला आणि वर्षभरात तेही गेले. महासंघाने अर्ज मागवले, तेव्हा १७० जणांनी अर्ज केले. त्यांतून तीन नावे उरली. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी पूर्वी दोनदा भारतीय संघाला शिकवले होते. स्टेफान टार्कोविच यांनी स्लोव्हाकियाचा संघ युरोपच्या स्पर्धेत उतरवला होता. तिसरे नाव खालिद जमील यांचे होते. मुंबईतील महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया या संघांकडून ते खेळले, पुढे मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले, आणि २०१७ साली मिझोरामच्या ऐझॉल एफसीला त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. सर्वांनी दुबळा मानलेला तो संघ मोठ्या शहरांच्या धनवान संघांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

ओट्यावर दोन तट पडले. नववीची मुले परदेशी प्रशिक्षकाच्या बाजूची होती. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : फुटबॉल युरोपात पिकतो, तेव्हा बियाणे तिथूनच आणावे. दहावीतील मुलांचे म्हणणे, "आपलाच मानूस पायजे. त्याला पोरांची भाषा कळते." यावर पाचवीतल्या एका चिमुरड्याने मध्येच विचारले, "आपला म्हंजी कोन?" क्षणभर सगळे गप्प झाले. प्रश्न खरोखर अवघड होता. जमील यांचा जन्म कुवेतचा, खेळ मुंबईचा, यश मिझोरामचे. पेडगावच्या पोराने त्यांना आपले म्हणावे ते कोणत्या नात्याने? मग सर्वांनी आमच्याकडे पाहिले. "सर, तुमी सांगा."

आम्हाला फुटबॉलमधले फार कळत नाही. आम्ही इतिहासातला माणूस सांगितला. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शाळामास्तर होते. हैदराबाद सिटी पोलीस संघाचे ते प्रशिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. लहान मुलांनी चेंडू पायात घोळवत बसू नये, दोन्ही पायांनी खेळावे, म्हणून ते दुबळ्या पायाने खेळण्याचे सामने भरवीत. १९५१ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत त्यांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्याच प्रशिक्षकाचा संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आमचे अनेक खेळाडू त्या थंडीत अनवाणी होते.

"दहा गोल! मंग काढलं का त्यांना?" मुलांनी विचारले.

कायमचे काढले नाही. १९५६ साली मेलबर्नला जाणारा संघ पुन्हा रहीमसाहेबांच्याच हाती आला. तेथे नेव्हिल डिसोझाच्या तीन गोलांच्या बळावर भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला हरवले होते. त्याच कोरियाला अंतिम सामन्यात २-१ असे नमवून भारताने सुवर्णपदक घेतले. तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. पुढील वर्षी जूनमध्ये ते गेले. आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताला मिळालेले नाही.

आमचा शिक्षकी पेशाचा अभिमान या कथनात डोकावला, हे मान्य करतो. एका शाळामास्तराने हे केले, हे सांगताना आमचा आवाज थोडा चढला असावा.

१ ऑगस्टला जमील यांची निवड जाहीर झाली. ज्या तांत्रिक समितीने अंतिम तीन नावे निवडली, तिचे अध्यक्ष आय. एम. विजयन होते. केरळातील त्रिशूरच्या मैदानात सोडा विकणारा हा दलित मुलगा पुढे भारताचा कर्णधार झाला, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगितले. तेरा वर्षांनंतर भारतीय माणूस या पदावर आला होता. त्यापूर्वीचे शेवटचे गोव्याचे सॅव्हिओ मेडेरा. दहावीच्या मुलांनी त्या रात्री ताटे वाजवली. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातील स्पर्धेत भारताने पेनल्टीवर ओमानला हरवून तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा नववीची मुलेही जमील यांच्या बाजूने आली.

मग १४ ऑक्टोबर उजाडला. दिवाळीच्या सुटीला दोन दिवस उरले होते. गोव्यातील फातोर्डा मैदानावर सिंगापूरशी सामना होता. अधीक्षकांच्या एका मोबाइलभोवती चाळीस डोकी जमली होती. छांगतेने पहिला गोल केला, तेव्हा ओटा हादरला. त्यानंतर सिंगापूरने दोन गोल केले. भारत हरला आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले.

त्या रात्री ओट्यावर जे बोलले गेले, त्याने आम्हाला झोप लागली नाही. ज्याने सर्वांत मोठ्याने ताट वाजवले होते, तोच म्हणाला, "आपल्या लोकायला जमतच नाही सर. बाहेरचाच पायजे व्हता."

वाक्य साधे होते. पण आम्ही ते मनात उलटसुलट करून पाहिले. स्टिमॅक हरले, तेव्हा 'स्टिमॅक नको' असे मुले म्हणाली. मार्केझ हरले, तेव्हा 'मार्केझ नको' म्हणाली. 'परदेशी लोकांना जमत नाही' असे एकाही मुलाने म्हटले नाही. जमील हरले, तेव्हा मात्र एकटे जमील हरले नाहीत. 'आपले लोक' हरले. बाहेरच्याचा पराभव त्याच्या एकट्याच्या खाती जमा होतो आणि आपल्याचा पराभव साऱ्या समूहाच्या खाती. ही हिशेबाची पद्धत आमच्या ओळखीची होती. आमच्या पिढीतील जे जे कोणी घराण्यातून पहिल्यांदा एखाद्या खुर्चीवर बसले, त्या प्रत्येकाने ती अनुभवली आहे. एक चूक झाली की 'ह्यांना जमतच नाही' हे वाक्य दारामागे तयारच असते. ते आमच्याच मुलाच्या तोंडी यावे, याचे वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी तासाला आम्ही पालवणकर बंधूंची हकिकत सांगितली. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातील थोर गोलंदाज. पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखण्याचे काम करता करता त्यांनी गोलंदाजी घडवली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. हिंदू संघात त्यांच्या तोडीचा दुसरा गोलंदाज नव्हता, पण कर्णधारपद त्यांना मिळेना. १९२० च्या चौरंगी सामन्यांत नियोजित कर्णधार आजारी पडला, तेव्हाही त्यांना डावलले गेले. विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे धाकटे भाऊ निषेध म्हणून संघातून बाहेर पडले. वृत्तपत्रांतून वाद झाला. प्रेक्षकांनीही बाजू घेतल्या. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

"आन् हारले असते तर?" एका मुलीने विचारले.

आम्ही त्या क्षणी उत्तर दिले नाही. उत्तर वर्गातील प्रत्येकाला ठाऊक होते. आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या बाजूच्या लोकांना सांगताना जड जाते. हेच बाळू १९३७ साली मुंबईच्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. म्हणून त्यांच्या गोलंदाजीचे बळी आम्ही कमी मोजावेत काय? मोजपट्टी एकच ठेवायची, तर ती आपल्याला गैरसोयीची असतानाही एकच ठेवावी लागते.

एवढे बोलून आम्ही थांबायला हवे होते. पण मुलांसमोर मोजपट्टीची भाषा करताना जीभ अडखळली. मग आजवर कुणाला न सांगितलेली हकिकत सांगितली.

सेवेच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही दुसऱ्या एका निवासी शाळेत होतो. शारीरिक शिक्षणाचे पद रिक्त होते. मुख्याध्यापकांनी शिट्टी आमच्या गळ्यात घातली. आम्ही नियमांचे पुस्तक वाचून फुटबॉल शिकवू लागलो. सलग तीन वर्षे आमचा संघ तालुक्याच्या पहिल्याच फेरीत हरला. कुणी आम्हाला काही म्हटले नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात एक मदतनीस होता. तो पूर्णेच्या रेल्वे वसाहतीत वाढलेला होता आणि तेथल्या मैदानावर फुटबॉल खेळलेला होता. भाकरी थापून झाल्या की तो मुलांना चेंडू अडवण्याच्या, पास देण्याच्या युक्त्या दाखवी. मुले त्याला मामा म्हणत. चौथ्या वर्षी मुलांनी आमच्यासमोर येऊन सांगितले, "सर, औंदा मामाला शिकवू द्या." शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस चर्चा झाली. स्वयंपाकघरातला माणूस शिट्टी वाजवणार, हे काहींना रुचले नाही. आम्ही समतेवर भाषणे देणारे. आम्हालाही आत कुठेतरी लागलेच. तरी शिट्टी दिली.

मामाने महिनाभर संघ घडवला. सामन्याच्या दिवशी आमच्या विषयाची घटक चाचणी होती. संघातील दोन उत्तम खेळाडू गेल्या चाचणीला गैरहजर होते, म्हणून आम्ही त्यांना सोडले नाही. संघ दोन गोलांनी हरला. संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हसत म्हणाले, "शेवटी भाकरी थापणाराच तो." बाकीचे हसले. आम्ही हसलो नाही. परंतु बोललोही नाही. ती दोन मुले कोणामुळे वर्गात बसून होती, हे त्या खोलीत फक्त आम्हाला माहीत होते. दुसऱ्या दिवशी मामाने शिट्टी आमच्या टेबलावर आणून ठेवली. काही महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला. आमचे तीन वर्षांचे पराभव माफ झाले होते. त्याला एकही माफ झाला नाही.

वर्ग शांत होता. सिंगापूरच्या रात्री 'आपल्या लोकायला जमत नाही' म्हणणारा मुलगा उठून उभा राहिला. त्याने विचारले, "सर, तवा तुमी बोलले का नाहीत?"

आम्ही खरे ते सांगितले : भीती नव्हती, हेवा होता. मुले आपल्याला सोडून त्याच्याकडे गेली, याचा.

दिवाळीची सुटी संपवून मुले परत आली. नोव्हेंबरमध्ये भारत ढाक्यात बांगलादेशकडूनही हरला. वाद पुन्हा पेटला. जमील राहावेत की जावेत, यावर आजही ओट्यावर एकमत नाही, आणि ते व्हावे असा आमचा आग्रह नाही. जमील कमी पडत असतील, तर तेही जावेत. एक बदल मात्र दिसतो. कुणी 'आपले लोक' म्हणू लागला की दुसरा कुणीतरी त्याला अडवतो : "मानसाचं नाव घे. किती सामने खेळला ते सांग. संगं कोन व्हते ते सांग." मुलांनी एका जुन्या वहीत प्रत्येक प्रशिक्षकाचे सामने, विजय आणि पराभव लिहून ठेवले आहेत. रकाने सर्वांसाठी सारखेच आहेत.

मामा आज कोठे असतील, आम्हाला ठाऊक नाही. त्यांची संमती घेता आली नाही, म्हणून नाव लिहिले नाही. ही स्मरणिका त्यांच्या हाती पडेल, अशी आशाही नाही. परंतु त्या संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत जे वाक्य बोलायला हवे होते, ते पंचवीसहून अधिक वर्षांच्या विलंबाने येथे लिहून ठेवतो : तो सामना प्रशिक्षकामुळे गेला नव्हता, तो आमच्यामुळे गेला होता.