पांढरी पट्टी

घट बसले की दसऱ्यापर्यंत मी पायांत काही घालत नाही. सोलापुरात याचं कुणाला नवल नाही. या दिवसांत बँकेच्या काउंटरमागे, शाळेत, भाजी मंडईत अनवाणी माणसं दिसतातच. समोरच्याची नजर पायांकडे गेली की तो "तुळजापूरला कधी?" एवढंच विचारतो. अडचण असते ती गाडीची. माझं काम फिरतीचं. मोहोळ, टेंभुर्णी, कधी पार इंदापूर. गाडी मीच चालवते, त्यामुळे नवरात्रात क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर सगळं उघड्या पायांनी.

सुरुवातीला पाय बुजतो. चपलेचा तळ सगळीकडे सारखा असतो, पावलाचं तसं नाही. तळव्याच्या खोलगट भागाखाली क्लच आला की सात रस्त्याच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत पाय ठणकायला लागतो. चवडा नेमका पेडलवर ठेवला तरच जमतं. संध्याकाळी घरी येऊन बघावं, तर रबराच्या रेघा चवड्यावर उमटलेल्या असतात. पण एकदा सवय झाली की गाडी जास्त कळते. क्लच कुठे पकड घेतो ते आधी पायाला समजतं, मग कानाला. ॲक्सिलरेटरवर केसभर दाब कमी करायचा म्हटला तर तेवढाच कमी होतो.

"ब्रेकला जोर कसा लावतेस?" हा प्रश्न नेहमीचा. आताच्या गाड्यांत ब्रेकला इंजिनाच्या निर्वाताची मदत असते, त्यामुळे इंजिन चालू असताना फार जोर लागतच नाही. खरी काळजी पाय घसरण्याची. पंपावर सांडलेलं डिझेल, पावसाचा चिखल, नुसता घामसुद्धा तळव्याला पुरतो. म्हणून सीटशेजारी एक जुना पंचा असतो. आधी पाय पुसायचे, मग दार लावायचं. पेडलखाली बाटली, पिशवी, काहीही ठेवायचं नाही. हे बाराही महिने पाळावं. काढून ठेवलेली चप्पल घरंगळत ब्रेकखाली गेली, तर अनवाणी पायापेक्षा ती कितीतरी धोक्याची.

एकदा मोहोळच्या अलीकडे वासरू आडवं आलं आणि ब्रेक पूर्ण दाबला. पेडल पायाखाली थडथड उडायला लागलं. हे एबीएसचं काम. चाक जाम होऊ नये म्हणून ते ब्रेकचा दाब सेकंदाला कित्येकदा सोडतं आणि पुन्हा धरतं. बुटातून ही थडथड नुसती जाणवते, उघड्या तळव्याला मात्र दचकून पाय उचलावासा वाटतो. तेवढंच करायचं नसतं. पाय तसाच दाबून धरला, गाडी थांबली, वासरू सावकाश पलीकडे गेलं. गाडी नव्याने शिकणाऱ्याने अनवाणी चालवू नये असं मी सांगते, ते या थडथडीमुळेच.

दंडाची भीती घालणारे दरवर्षी भेटतात. २०१९च्या सप्टेंबरमध्ये सुधारित मोटार वाहन कायद्यातले वाढीव दंड लागू झाले, तेव्हा चप्पल घालून गाडी चालवली, लुंगी नेसून चालवली तर चलान फाडतात, अशा बातम्या सगळीकडे फिरत होत्या. शेवटी नितीन गडकरींच्या कार्यालयाने त्याच महिन्यात ट्विट करून या अफवा असल्याचं आणि कायद्यात तशी तरतूद नसल्याचं सांगितलं. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येसुद्धा अनवाणी चालवायला बंदी नाही. पायातली वस्तू आणि कपडे गाडीचं नियंत्रण नीट करण्याच्या आड येऊ नयेत, एवढंच ९७ क्रमांकाचा नियम म्हणतो. मला तो शहाणपणाचा वाटतो.

कायद्यापेक्षा अवघड प्रश्न मामीने विचारला. "एसी गाडीत बसून कसलं गं अनवाणी? त्यापेक्षा पायी जा की तुळजापूरला." मला उत्तर देता आलं नाही, कारण गाडीत बसून असेपर्यंत तिचं खरंच होतं. आतल्या मॅटवर पाय ठेवून दिवसभर बसलं तर ते व्रत कसलं?

व्रत सुरू होतं ते दार उघडल्यावर. ऑक्टोबरच्या दुपारी पंपावरचं काँक्रीट तव्यासारखं तापलेलं असतं. "ताई, उतरू नका, कार्डचं मशीन इथंच आणतो," असं म्हणणारी पोरं पंपावर असतात, पण हवा बघायला उतरावंच लागतं. तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीच्या पुढे मी एकदा फोन घ्यायला गाडी बाजूला लावली आणि सिग्नल मिळेना म्हणून खाली उतरले. डावीकडे साइडपट्टीची टोकदार खडी, तिच्यात बाभळीचे काटे आणि फुटक्या बाटल्या. उजवीकडे डांबर, त्यावर पाय टेकवेना. उड्या मारत मी रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर आले आणि तिथे पाय ठरले. पांढरा रंग ऊन परतवतो, म्हणून ती पट्टी डांबराइतकी तापत नाही, शिवाय ती गुळगुळीतही असते.

तेवढ्यात मागून पायी निघालेला एक जथा आला. सगळे अनवाणी, एकामागे एक, नेमके त्या पट्टीवरून चाललेले. एका बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पट्टी सोडू नका, ताई." पाठोपाठ एक गाडी कर्कश हॉर्न वाजवत गेली. लोक खडीवर उतरले, कळवळत दोन पावलं चालले आणि परत पट्टीवर आले.

गाडीत बसलेल्याला वाटतं, बाजूला एवढी जागा असताना ही माणसं रस्त्यावर का येतात? मीही चाकामागे बसून हेच म्हणत आले होते. बाजूला जागा आहे, पण पाय ठेवायला जागा नाही, हे उतरल्याशिवाय कळलं नसतं. मामीला द्यायचं उत्तर मला तिथे मिळालं. अनवाणी गाडी चालवण्यात पुण्य असेल-नसेल, पण त्यामुळे ड्रायव्हरला अधूनमधून पायी चालणारा व्हावं लागतं.

घटस्थापनेच्या आधी तुळजापुराहून गावोगावची पोरं ज्योत घेऊन धावत निघतात. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी श्रमनिद्रेला जाते आणि कोजागिरीला पुन्हा सिंहासनावर येते, तेव्हा सोलापूरकडून आणि कर्नाटकातून माणसांची रीघ लागते. त्या वेळी या रस्त्यावरची वाहतूक वळवतात. आधीच्या दिवसांत मात्र गाड्या आणि पाय एकाच रस्त्यावर असतात. त्या दिवसांत तुम्ही इकडून जाणार असाल, तर पायांत काय घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त पट्टीवरून चालणारी माणसं दिसली की हॉर्न वाजवून त्यांना खडीवर उतरवू नका. रस्ता चौपदरी आहे, गाडी उजव्या लेनमध्ये घ्या.