शोधायचे पैसे

आईचा फराळाचा धंदा तिच्या फोनमध्ये आहे. चकल्या, अनारसे स्वयंपाकघरात होतात. पण कोणाला किती हवेत, कोणाचे लाडू बिनसाखरेचे, कोणाचा डबा कोथरूडला आणि कोणाचा बाणेरला, हे सगळं व्हॉट्सॅपवर. निम्म्या ऑर्डरी तर बोलून पाठवलेल्या. दिवाळी तोंडावर आली आणि तो फोन एका सकाळी सुरूच होईना.

शेजारच्या काकूंनी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. फोन भिजलेला नव्हता. आणि भिजलेल्या फोनचंही तांदळाने काही भलं होत नाही. कणी आणि पीठ चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसतं, एवढंच. भावाचं म्हणणं, बॅटरी गेली, नवी टाक. मला आधी एवढंच ठरवायचं होतं की नेमकं बंद काय पडलंय.

माझ्या फोनवरून आईचा नंबर लावला. रिंग गेली असती, तर फोन शाबूत आणि फक्त डिस्प्ले गेलेला, हे उघड होतं. ‘स्विच ऑफ’ ऐकू आलं. मग सिम काढून घरातल्या जुन्या, बटणांच्या फोनमध्ये अडॅप्टर लावून घातलं. निदान गिऱ्हाइकांचे फोन आणि बँकेचे ओटीपी येऊ लागले. निम्मी घालमेल तिथेच थांबली.

आता चार्जिंग. आईचा फोन ओट्यावरच पडलेला असतो. खाचेत टॉर्च मारून पाहिलं, तर आत कापसासारखं काहीतरी दाबून बसलेलं. टूथपिकने हलक्या हाताने उकरलं. पदराचे धागे आणि बेसन, अशी गोळी बाहेर आली. सुई किंवा टाचणी इथे चालत नाही, आतल्या बारीक पिना वाकतात. खाच साफ झाल्यावर केबल ‘टक्’ करून बसली, पण स्क्रीन काळीच.

यावर लगेच हात टेकायचे नसतात. लिथियम-आयनची बॅटरी साधारण तीन व्होल्टच्याही खाली उतरली, की फोन तिला आधी अगदी थोडा करंट देतो. ती जरा सावरेपर्यंत स्क्रीनवर बॅटरीचं चित्रसुद्धा उमटत नाही. म्हणून दुसरा चार्जर, दुसरी केबल घेऊन फोन भिंतीच्या प्लगला तासभर लावून ठेवला. पाठ फुगलेली नाही ना, हे आधी बघून घेतलं; फुगलेल्या बॅटरीला चार्जर लावू नये. मग पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र, वीसेक सेकंद दाबून धरलं. फोन अडकून पडला असेल तर बहुतेक अँड्रॉइड एवढ्याने उठतात. आयफोनची तऱ्हा वेगळी: आठ नंबरच्या मॉडेलपासून पुढे आवाज वाढवायचं बटण एकदा, कमी करायचं एकदा, आणि मग बाजूचं बटण दाबून धरायचं.

काही हललं नाही. लॅपटॉपला जोडला तर लॅपटॉपनेही आवाज केला नाही, म्हणजे बोर्डाकडून काहीच उत्तर नव्हतं. पण चार्जर पुन्हा लावून पाठीवरून हात फिरवला, तेव्हा कॅमेऱ्याच्या खाली एकाच जागी कोमट लागलं. बाकी फोन गार. चार्जर लगेच काढला. बंद फोन एका ठिकाणी तापतोय, म्हणजे करंट आत जातोय आणि भलतीकडे वाहतोय. घरात करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

पहिल्या दुकानात काउंटरवरच निकाल लागला. “बोर्ड गेलाय, नवा टाकावा लागेल.”

“आणि आतलं सगळं?”

“ते जाणार, मॅडम. मेमरी बोर्डावरच असते.”

मेमरीची चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवता येईल का, हेही विचारलं. हल्लीच्या फोनमध्ये डेटा कुलूपबंद असतो आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते, त्यामुळे चिप एकटी नेऊन उपयोग नाही. बॅकअप आईने कधी चालू केलेला नव्हता. ऑर्डरी हव्या असतील तर हाच बोर्ड जिवंत व्हायला हवा होता.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या जवळ, एकाने बोर्डाचं काम करतो म्हणून सांगितलं. दुकान म्हणजे एक टेबल, मायक्रोस्कोप, हीट गन आणि आकडे दाखवणारा डीसी सप्लाय. मी आधीच सांगून टाकलं, “दादा, फोन नाही वाचला तरी चालेल, डेटा पाहिजे. फ्लॅश मारून तो पुसू नका.”

त्याने पाठ गरम करून उघडली, बॅटरी सोडवली आणि बोर्डाला सप्लायच्या वायरी जोडल्या. बटणाला हात लावायच्या आतच आकडा चढला. “शॉर्टिंग आहे, ताई. चांगला बोर्ड बटण दाबेपर्यंत शून्यावर असतो.” बॅटरी बिचारी त्या शॉर्टनेच उतरली होती.

पुढचं मी टेबलाला टेकून पाहिलं. सोल्डरिंगच्या तापल्या टोकाला त्याने राळ लावली आणि तिचा धूर बोर्डावर धरला. चिपा, जोडण्या, सगळ्यांवर पांढरा थर बसला. मग सप्लाय एक व्होल्टच्या आसपास उतरवून करंट सोडला. क्षणभर काहीच नाही. मग एका ठिकाणी पांढऱ्यात काळा ठिपका उमटला. तिथली राळ वितळली होती. मायक्रोस्कोपखाली तो एक कॅपॅसिटर निघाला, नखावर ठेवला तर शोधावा लागेल एवढा. पडण्याने, दाबाने असे कॅपॅसिटर आतून तडकतात आणि थेट शॉर्ट होतात. त्या लाइनवर तसलेच आणखी बरेच असल्याने एक नसला तरी चालतं. चिमट्याने तो उचलला, सप्लाय लावला, आकडा शून्य. बटण दाबल्यावर आकडा वरखाली नाचू लागला आणि स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं.

सिम परत घालून इंटरनेट चालू केलं, तसे अडकलेले निरोप धडाधड आले. त्यांत तिघांनी ऑर्डर बदलली होती. आधी बॅकअप घेतला, मग सगळं वहीत उतरवलं.

बिल पाहून आईने त्याला विचारलं, “एवढ्याशा पार्टचे एवढे पैसे?”

तो हसला. “पार्ट कुठे लावलाय, मावशी? काढून टाकलाय. पैसे शोधायचे.”

आईने घासाघीस केली नाही. चकली महाग म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तीही हेच ऐकवते, की भाजणीचे पैसे थोडे, बाकी हाताचे.